तीन महिने कुणाला सांगायचं न्हाय

आमच्या गावात कुणाला दिवस गेले तर तिच्या नवऱ्याच्या आधी मला कळतं. मी आशा कार्यकर्ती आहे, बारा वर्षं झाली. पाळी चुकली की बाई माझ्या दारात येते, इकडंतिकडं बघते आणि हळूच विचारते, "ताई, ती पट्टी हाय का?" मी तिला लघवी तपासायचं किट देते. दोन रेघा उमटल्या की नाव लिहून घेते, उपकेंद्रात नेते, गोळ्या देते. पहिले तीन महिने कुणाला सांगायचं नाही, नजर लागते, ही आमच्याकडची रीत. तिच्यावरनं मी सगळ्या गावाशी भांडलेय. "नजरबिजर काही नसतं गं बयांनो, लपवाल तर मराल," असं बायकांच्या बैठकीत ठणकावून सांगायची. लई तोंडाळ म्हणून माझी ख्याती आहे. आणि ह्याच तोंडाळ बाईनं स्वतःच्या घरात तोंड शिवून घेतलं. मला हे कुणी विचारत नाही, म्हणून मीच सांगते.

आमचं गाव तेरखेड्याच्या जवळ. घरात सासू, माझे मालक, मी, धाकटा दीर आणि त्याची बायको, म्हणजे माझी जाऊ. ती माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी लहान. लग्न होऊन आली तेव्हा एकवीस वर्षांची होती, मला अक्का म्हणायची. तेरखेड्याला फटाक्याच्या कारखान्यात कागदाच्या नळ्या वळायला जायची. दिवसभर मान खाली घालून बसायचं, खळ लावायची, वळायचं. संध्याकाळी आली की "अक्का, खांदं लई धरल्यात," म्हणत माझ्यापुढं पाठ करून बसायची आणि मी दाबून द्यायची. मला सख्खी बहीण नाही. मी तिला बहीणच मानलं होतं, खोटं कशाला बोलू.

लग्नानंतर सहा महिन्यांत तिला पहिल्यांदा दिवस गेले. सासूला आनंद मावेना. गल्लीत पेढे वाटले, पाहुण्यारावळ्यांना फोन केले, भावकीत सगळ्यांना सांगून आली. आणि दोन महिने भरायच्या आत पडलं. असं पुष्कळ जणींचं होतं, त्यात कुणाचा दोष नसतो, हे मी सासूला पन्नासदा सांगितलं. पण तिच्या डोक्यात एकच बसलं, पेढे वाटले म्हणून नजर लागली. नजर कुणाची, तेही तिनं ठरवून टाकलं होतं. भावकीत आमची एक चुलतसासू आहे, तिची.

वर्षभरानं परत पाळी चुकली तेव्हा किट मीच दिलं. न्हाणीतनं ती पट्टी घेऊन बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा होता. दोन रेघा होत्या. मी तिचे गाल कुस्करले. तेवढ्यात सासू आली, पट्टी बघितली, आणि आम्हा दोघींना देवापुढं उभं करून सोनारीच्या काळभैरवाची आण घातली.

"तीन महिनं व्हईस्तोवर ह्या कानाचं त्या कानाला कळता कामा न्हाय. आन तुज्या त्या वहीत तर अजिबात लिवायचं न्हाय. तू लिवलंस की नर्सबाईला कळतंय, नर्सबाईला कळलं की गावाला कळतंय."

मी म्हणाले, "आत्या, नोंद करावी लागती. आधीचं एक पडलंय तिचं, डॉक्टरला दाखवायला पायजे."

"तू गावाची आशा आसशील. घरात सून हायस," सासू म्हणाली.

मी गप्प बसले. आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं. दुसऱ्यांच्या सासवांना मी चार शब्द सुनवून यायची, माझ्या सासूपुढं मात्र माझी बोलती बंद. तिला वाईट म्हणावं तर तेही धड म्हणता येत नाही. माझ्या दोन्ही बाळंतपणांत तिनं मला तळहाताच्या फोडासारखं जपलं होतं. मला वाटलं, कशाला वाद, दोन महिने तर राहिलेत, जातील निघून. जाऊला तिनं कारखान्यात जायचंही बंद केलं. मी म्हटलं, चला, तेवढं तरी बरं झालं.

मला माहीत काय नव्हतं? ट्रेनिंगमध्ये फळ्यावर चित्र काढून दाखवलं होतं. गर्भ पिशवीत रुजायला पाहिजे. कधी तो पिशवीपर्यंत पोचतच नाही, वाटेत नळीतच अडकतो आणि तिथंच रुजतो. नळी ती केवढी, पेन्सिलीहून बारीक. तिथं लेकरू वाढू शकत नाही, आणि तिथनं उचलून त्याला पिशवीत ठेवायची सोय डॉक्टरकडंही नाही. वाढत गेलं की नळी फुटते आणि रक्त पोटातल्या पोटात सांडत राहतं. बाहेर नुसता डाग दिसतो, आत बाई रिकामी होत असते. किटला यातलं काही कळत नाही. दिवस गेलेत एवढंच ते सांगतं, कुठं राहिलेत ते सोनोग्राफीतच दिसतं. हे सगळं मी परीक्षेत लिहिलं होतं. मार्कही चांगले पडले होते.

पाळी चुकून तीन आठवडे झाले असतील. एका सकाळी जाऊ माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "अक्का, डाग लागलाय." काळपट, थोडासाच. ओटीपोटात उजवीकडं दुखतंय म्हणाली. मी सासूला म्हणाले, "आत्या, आजच्या आज सोनोग्राफी करू."

"उष्णता हाय ती. सब्जा भिजवून पाज," सासू म्हणाली. "आन पडतच आसलं तर मशिनीत बघून थांबनार हाय व्हय?"

तिलाही बिचारीला तेवढंच माहीत, की एक तर राहतं नाहीतर पडतं. तिसरं काही असतं हे घरात मला एकटीला माहीत होतं, आणि मी सब्जा भिजवत बसले. तीन दिवस! दर दिवशी वाटायचं, उद्या बोलू. तिसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "अक्का, खांदा लई दुखायलाय." मी बामची बाटली काढली आणि चांगला चोळून दिला. पंधरा-वीस दिवसांत तिनं एक नळी वळली नव्हती, मग खांदा कशानं दुखतोय, हा साधा प्रश्न ह्या शहाणीला पडला नाही. हाताला सवय होती, चोळलं.

थोड्या वेळानं उठताना तिला भोवळ आली. तेव्हा कुठं सासू दवाखान्याला राजी झाली. आम्ही तिघी वडापच्या जीपनं तालुक्याच्या गावी गेलो. डॉक्टर वयस्कर, माणूस चांगला, मला ओळखणारे. दवाखाना म्हणजे दोन खोल्या. तपासायची खाट आणि बाहेरची बाकडी यांच्यामध्ये एक हिरवा पडदा, बास. आणि आमचं नशीब बघा, बाकड्यावर बसलेली कोण, तर तीच चुलतसासू. गुडघे दाखवायला आली होती.

"काय झालं गं धाकटीला?" तिनं विचारलं.

"पित्त," सासू म्हणाली.

आत डॉक्टरांनी पोट दाबलं. उजवीकडं हात लागला तशी ती कळवळली. त्यांनी विचारलं, "शेवटची पाळी कधी आली होती?"

जाऊनं माझ्याकडं बघितलं. ती काही बोलायच्या आत सासूनं आवाज चढवला, पडद्याबाहेर नीट ऐकू जाईल असा. "पाळी टायमावर हाय की तिची. आताबी चालूच हाय, आज तिसरा दिस."

डॉक्टर माझ्याकडं वळले. "आशाताई, दिवसबिवस राहिल्यासारखं काही नाही ना?"

मला विचारलं त्यांनी. सरळ मला. सासूनं मागनं माझं कोपर घट्ट धरलं होतं. पडद्याखालनं चुलतसासूच्या चपला दिसत होत्या, अगदी पडद्याला लागून. खाटेवर जाऊ माझ्याकडं टक लावून बघत होती. सासूपुढं, परक्या माणसापुढं तिचं तोंड उघडत नव्हतं, पण डोळ्यांनी ती सांगत होती, अक्का, बोला. मी त्या चपलांकडं बघत उभी राहिले.

मी "नाही" म्हणाले नाही. पुढं किती दिवस मी स्वतःची अशी समजूत काढत होते, की मी काही खोटं बोलले नाही. डोंबलाचं बोलले नाही! गावची आशा संगं आहे आणि ती गप्प आहे म्हटल्यावर कुठलाही डॉक्टर धरून चालेल की तसं काही नसेल. त्यांनीही तेच धरलं. कागदावर पाळी नियमित असं लिहिलं, पोटदुखीचं इंजेक्शन दिलं, बीपी जरा कमी आहे, साखर-मिठाचं पाणी द्या म्हणाले. उद्यापर्यंत उतार पडला नाही तर सोनोग्राफी करू, असंही म्हणाले.

स्टँडवर आल्यावर माझा जीव राहीना. मी म्हणाले, "आत्या, मी परत जाऊन सांगून येते."

"जा, आन येताना गावात दवंडी दिऊन ये," सासू म्हणाली. जीप भरली, आम्ही बसलो. जाऊनं डोकं माझ्या खांद्यावर टेकलं होतं.

दुपारी चारच्या सुमाराला न्हाणीत बादली पडल्याचा आवाज आला. धावत जाऊन बघते तर ती भिंतीला टेकून खाली घसरलेली. ओठ पांढरेफटक, कपाळावर गार घाम. मनगट धरलं तर नाडी हाताला लागेना. पोट फुगून टणक झालेलं. सासू म्हणाली, "चक्कर आली, कांदा फोडून हुंगव." आणि खरंच कांदा घेऊन आली. मी तो तिच्या हातातनं हिसकून भिरकावला आणि आयुष्यात पहिल्यांदा सासूवर ओरडले, "पोटात रगत सांडतंय तिच्या! दिवस गेल्यात तिला, मरंल ती!"

गल्लीत सगळ्यांनी ऐकलं. चुलतसासूनंही ऐकलं. सगळ्यात आधी तीच धावून आली, तिनंच जाऊचे पाय उचलून उशीवर ठेवले आणि तळवे चोळत बसली. जिच्या नजरेच्या भीतीनं आम्ही एवढा पराक्रम केला, ती बाई रडत होती. मी एकशे आठला फोन लावला.

गाडीत डॉक्टर होता, पोरगेलासा. मी त्याला एका दमात सगळं सांगितलं, किट, डाग, उजवी बाजू, तीन दिवस. त्यानं लगेच दोन्ही हातांना सलाईन लावली आणि धाराशिवला फोन करून ऑपरेशनची तयारी ठेवा म्हणून सांगितलं. येरमाळा मागं पडेपर्यंत ती अधूनमधून हूं म्हणत होती. येडशीच्या आसपास तेही थांबलं. मी तिचं मनगट सोडलं नाही. मला भीती वाटत होती असं म्हणणं फार कमी आहे. माझी खात्री झाली होती, की हिला मी मारलं. काळभैरवाला हात जोडावेत तर त्याचीच आण मोडून आले होते, आणि त्याचा मला रागही आला होता. समोर सासू पदर तोंडात कोंबून बसली होती.

दवाखान्यात बाई डॉक्टर होत्या. स्ट्रेचर आत जाता जाता त्यांनी सकाळचा कागद मागितला, वाचला आणि विचारलं, "पाळी नियमित? हे कुणी सांगितलं?"

"आम्ही," मी म्हणाले.

त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं आणि आत गेल्या. मागोमाग पोचलेल्या दिरानं रक्त दिलं, त्याच्या दोन मित्रांनी दिलं. दोन-अडीच तास आम्ही जिन्याखाली बसून होतो. सासू सारखी एकच विचारत होती, "लेकरू वाचंल का गं?" मी शेवटी वैतागून म्हणाले, "लेकराचं सोडा आत्या, ते वाचनारंच नव्हतं. ती वाचती का बघा." सासूला हे कुणी कधी सांगितलंच नव्हतं. सांगणारी घरात होती, तिनं सब्जा भिजवला.

ती वाचली. डॉक्टरबाई बाहेर आल्या, म्हणाल्या, उजवी नळी फुटली होती, ती काढून टाकावी लागली, पोटात दीड लिटरवर रक्त निघालं. मी खांद्याचं विचारलं. त्यांनी समजावून सांगितलं, पोटात सांडलेलं रक्त छाती आणि पोटाच्या मधल्या पडद्याला लागतं आणि कळ खांद्यात उठते. म्हणजे मी बाम चोळत होते तेव्हा तिची नळी आत गळायला लागली होती. पुढं त्या म्हणाल्या, डाग लागला त्याच दिवशी आणलं असतं तर कदाचित इंजेक्शनवर भागलं असतं, नाहीतर दुर्बिणीनं लहान ऑपरेशन झालं असतं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसतं सांगत होत्या.

तिसऱ्या दिवशी मी तिला पेज भरवत होते. दोन घास झाल्यावर तिनं माझा हात बाजूला केला.

"अक्का, एक इचारू? तुमाला म्हाईत होतं न्हाय का, आसं बी आसतंय म्हणून?"

"व्हय," मी म्हणाले.

"डॉक्टरनं तुमाला इचारलं तवा बी म्हाईत होतं?"

"व्हय."

ती शिव्या देईल, रडेल असं मला वाटलं. तिनं वाटी माझ्या हातातनं घेतली आणि आपल्या हातानं प्यायला लागली. पेज सांडत होती, पण वाटी मला धरू दिली नाही.

घरी आल्यावर काय झालं म्हणता? सासूनं गावात सांगितलं, अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. अख्ख्या गल्लीनं माझा ओरडा कानांनी ऐकलेला, तरी गल्लीही मान डोलवायची, व्हय व्हय, अपेंडिक्स. कारण नळी काढली म्हटलं तर सुनेला अर्धी म्हणतील, दुसरी बघा म्हणतील. एक नळी राहिली तरी बाईला लेकरू होऊ शकतं, हे मी सासूला सांगितलं, दिराला सांगितलं. ह्या वेळेला घसा फोडून सांगितलं. दीर भला निघाला, त्यानं तसला विचारही केला नाही. पण कुणी भेटायला आलं की जाऊ त्यांच्यापुढं बसून स्वतःच्या पोटाची खोटी गोष्ट ऐकायची. मी चहा करायच्या निमित्तानं आत निघून जायची. म्हणजे परत गप्पच, नाही का.

त्याला आता दीड वर्ष झालं. जाऊ माझ्याशी वाकडं वागली नाही, ते कबूल केलं पाहिजे. अक्काच म्हणते, संगं भाकरी थापते, माझ्या पोरांच्या डोक्याला तेल लावते. खांदं धरल्यात असं मात्र परत कधी म्हणाली नाही. मी त्या बैठकांमध्ये आता ही गोष्ट सांगते, दुसऱ्या गावातली म्हणून. बायका डोळे पुसतात. म्हणतात, कसली ओ ती आशा, जीभ झडली व्हती का तिची? मी म्हणते, व्हय, झडली होती.

गेल्या महिन्यातली गोष्ट. संध्याकाळी सगळे जेवायला बसलो होतो, ती वाढत होती. वाढता वाढताच, भाजीला मीठ कमी आहे म्हणावं तशा आवाजात ती बोलली, "माजी पाळी चुकलीय. पाच दिस झालं. पट्टी तपासली, दोन रेघा आल्यात."

सासूचा घास हातातच राहिला. दार सताड उघडं होतं, बाहेर गल्लीत बायका बसलेल्या. सासू लगबगीनं दार लावायला उठली.

"ऱ्हाऊ द्या उगडं, आत्या," जाऊ म्हणाली. सासू तशीच खाली बसली.

मी विचारलं, "पट्टी कुठनं आणलीस?"

"मेडिकलातनं. इकत." माझ्या पिशवीत, त्याच खोलीत खुंटीला, डझनभर पट्ट्या होत्या.

"उद्या धाराशिवला त्याच म्याडमकडं जायाचंय," ती दिराला सांगत होती. "त्यांनी बजावलंय, एकदा आसं झालं की परत व्हायची भीती आसती. सुरवातीलाच बघावं लागतंय, कुठं ऱ्हायलंय ते. आई येनार हाय संगं, सकाळच्या यष्टीनं उतरंल."

"अगं, आईला कशाला एवढ्या लांबनं बोलवलंस?" मी म्हणाले. "मी येते की."

तिनं माझ्या ताटात भाकरी ठेवली.

"नको अक्का," ती म्हणाली, "तितं डॉक्टर इचारत्यात आन तुमी गप बसता."